चावीचं घड्याळ

नातू विजयसिंहला घड्याळं जमवायचा नवा नाद लागलाय. पहिलं स्विस घड्याळ घ्यायला तो मला बारामतीला घेऊन गेला.

"आजी, हे मनगटावर आपोआप चालतं."

"न्हाय, चावीचं घे. स्वस्तबी हाय. आबांची बोटं तरी वळखतील."

त्याचे आबा, म्हणजे माझे मालक, आता मलाही ओळखत नाहीत. पूर्वी चहा उकळेपर्यंत ते रोज घड्याळाला चावी देत.

शेळगावला घरी आल्यावर मी ते नवं चावीचं घड्याळ त्यांच्या हातात ठेवलं. बोटांनी अलगद चावी फिरवली, घट्ट लागताच बरोबर थांबली. माझे डोळे भरून आले.

घड्याळ कानाशी धरून ते हसले. "चालू झालं बघा, बाई. आता तुमच्या मालकांना नेऊन द्या."

ते माझ्या हातात टिकटिकतंय. नेऊन कुणाला देऊ?