मशीनमध्ये न शिरलेले क्रेडिट कार्ड

मी एक जुने क्रेडिट कार्ड आहे, मित्रांनो. जुने म्हणजे वयाने. वापराने मी अजून कोरेच आहे.

एका कारखान्यात माझ्या अंगात चिप बसवली, पोटावर दिगंबर वर्तकांचे नाव उमटवले आणि कुरिअरने मी सदाशिव पेठेत आले. सोबतच्या पत्रात माझे इतके कौतुक होते की मलाच लाज वाटली. दिगंबररावांनी ते दोनदा वाचले, नुसते टेकवून पैसे देण्याची सोय बँकेत जाऊन बंद करून घेतली आणि येताना मला लॅमिनेट करून आणले. त्या घरात महत्त्वाची वस्तू आली की आधी तेच होते. रेशनकार्ड, त्यांच्या मुलाचा, वरदचा, दहावीचा निकाल, सगळे चकचकीत.

वरदची आई, नीरजाताई, एका खासगी क्लासच्या ऑफिसात होत्या. तिथले सर मुलांसमोर त्यांचा पाणउतारा करत. नोकरी सोडायची, असे त्या दोन वर्षे म्हणत होत्या.

गेल्या दिवाळीत वरदने मोठ्या टीव्हीचा हट्ट धरला. "बाबा, चोवीस हप्ते फक्त!"

दुकानात मला प्रथमच बाहेर काढले. मी छाती पुढे काढली. पण मशीनच्या फटीत मला काही शिरता येईना.

"काका, हे प्लास्टिक फाडावं लागेल," दुकानदार म्हणाला.

"तीस रुपये दिलेत त्याचे."

"अहो, टीव्ही साठ हजारांचा आहे!"

"म्हणूनच तीस जपतोय."

टीव्ही न घेताच आम्ही परतलो; वरद घरापर्यंत दहा पावले पुढेच चालला. मलाही वाईट वाटले, खोटे कशाला सांगू.

त्याच आठवड्यात सरांनी नीरजाताईंना सगळ्यांदेखत 'बिनडोक' म्हटले. घरी येऊन चप्पल न काढताच त्यांनी विचारले, "अहो, महिन्याला हप्ते किती आहेत आपले?"

"एकही नाही."

"तुमच्या पगारात भागेल?"

"भागेल की."

"मग उद्या राजीनामा देते."

"परवा दे. उद्या पगार होतो."

वरदने आईच्या हातातली पिशवी घेतली.

आता त्या घरीच मुलांना गणित शिकवतात आणि शिकवताना चक्क गुणगुणतात. मी कपाटातून ऐकते. पुढच्या महिन्यात माझी मुदत संपेल. एका रुपयाचेही काम न करता या घराने मला पाच वर्षे मानाने सांभाळले, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. माझ्याशिवाय जगता येते का? येते, मी पाहिले आहे. माझे भाऊबंद तुमच्याही घरी असतील. मित्रांनो, त्यांना कामाला लावण्याआधी घरात कुणाला नोकरी सोडायची आहे का, एवढे जरूर विचारा.