विहिणींच्या पंगतीतलं हलगीगाणं

माझ्या गळ्यात सूर न्हाई, हे उभ्या रहिमतपुराला ठावं हाय. पण भांडाण? कुनी म्होरं उभं ऱ्हाऊन दाखवावं! हरणाबाई म्हणत्यात मला.

चौऱ्याहत्तर साली माझी लेक राही मेढ्याच्या सयाजीला दिली. पोरगी गुणाची, पण इतकी मुकी, की गाईनं पाय दिला तरी "आई गं" म्हणायची न्हाई. अक्षता पडल्या, विहिणींची पंगत बसली. आमच्यात रीत अशी, की वरमाय जेवताना गाण्यातनं टोमणं मारणार, आन आमी गाण्यातनंच फेडायचं. न्हाई फेडलं तर पोरीला सासरी जल्मभर ऐकावं लागतं, "तुझ्या आयची बोबडी वळली व्हती." माझ्या मुक्या पोरीचं तिथं कसं व्हनार, या इचारानं मला दोन दिस अन्न ग्वाड लागलं नव्हतं.

गाणार व्हती माझी जाऊ मनुबाई. पण बया हळदीलाच गाऊन गाऊन घसा बसवून बसली. तोंड उघडलं तर नुसता वारा!

तिकडं वरमाय सुलाबाईनं सूर लावला, आमचं लाडू धोंड्यावानी हायत म्हणून. चार कडवी झाली. आमच्याकडनं चिडीचूप. मांडवात हशा पिकला. माझ्या शेजारी बसलेल्या राहीची मान पार गुडघ्यात गेली. ते बघितलं आन माझं टाळकंच सणकलं.

"जोतीराम," मी हलगीवाल्यावर वरडले, "वाजीव रं!"

"चाल कंची, काकू?"

"चाल घाल चुलीत! नुसता ठेका धर!"

हलगी कडाडली. मी पदर खोचला आन गायले न्हाई, ठेक्यात भांडलेच.

"लाडू माझा कडक गं, दात तुझा हलतोय,
चावायचं झेपंना नि पट्टा नुसता चालतोय!
मेढ्याहून आलीस गं, घाट उतरून दमलीस,
पंगतीत बसलीस नि बुंदीवरच रमलीस!"

आगं बाई! पंगत जेवायची थांबली. पोरं उड्या मारायला लागली, म्हातारी माणसं मांडीवर ताल धरायला लागली. मला तर लय चेव आला. सुलाबाईच्या लुगड्यापासनं तिच्या बैलांपत्तुर कायबी सोडलं न्हाई. पण एका जागी दम लागला आन म्होरलं सुचंना. हलगी वाजतीय, मी नुसती आ वासून उभी. गेलं सगळं मातीत, म्हटलं.

तेवढ्यात माझ्या शेजारनं आवाज आला. राही उठली व्हती. मुंडावळ्या बाजूला सारून, बरूबर ठेक्यावर,

"आय माझी तिखट नि सासू झणझणीत,
मी घेते सयाजीरावांचं नाव खणखणीत!"

मांडव नुसता दणाणला. माझ्या डोळ्याला धार लागली. तरी सवयीनं म्होरलं कडवं म्हणायला तोंड उघडलंच, तर सुलाबाईनं उष्टा हात वर केला.

"आवं विहीणबाई," हसून हसून तिला बोलवंना, "आता तुमी गप बसा. माझी सून बोलतीय."

आन मी गप बसले.