टाच खाली

स्क्वेअर डान्सच्या चौकोनाला माणसं लागतात आठ, म्हणजे चार जोड्या. सात असली तर नाच होत नाही आणि नऊ झाली की भांडण होतं. आमच्या गावात यंदा मक्याची कापणी उरकल्यावर नववी आली. तिचं नाव मार्डेल. लेकीकडे राहायला आलेली, वय अवघं अडुसष्ट, पोटऱ्या घोडीच्या. दर बुधवारी दुपारी चर्चच्या तळघरात ती खुर्चीवर बसायची आणि माझ्या पायांकडे बघायची.

बघणारच. त्या महिन्यात माझ्या पोटरीत दोनदा गोळा आला होता, दोन्ही वेळा ऐन नाचात. मी किंचाळले, चौकोन मोडला, एकदा तर ऑरिन माझ्यावर येऊन आदळला. ऑरिन माझा नाचातला जोडीदार, एकोणऐंशी वर्षांचा विधुर. आमच्या क्लबची अध्यक्ष अर्डिस. तिनं माझ्या ताटात जेलीचं सॅलड वाढता वाढता सांगून टाकलं, की तिसऱ्यांदा असं झालं तर मी बसायचं आणि मार्डेलनं उभं राहायचं. वर म्हणाली, "मनाला लावून घेऊ नकोस हं, लव्हॉन." मी लावून घेतलं.

सरळच सांगते. माझा नवरा रॉयस जाऊन चार वर्षं झाली. मुलगा डेन्व्हरला आहे, फोन करतो, माया करतो. पण माझा हात कुणी हातात घेतं ते आठवड्यातून एकदाच, बुधवारी दोन ते चार. तेही गेलं तर मी काय करायचं, घरी बसून स्वतःचाच हात धरायचा?

डॉक्टरीणबाई माझ्या नातीच्या वयाची. ती म्हणाली, नाच मुळीच सोडू नका, पण दिवसभर पाणी पीत जा आणि नाचाआधी भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणा. मला पटलं. पण तळघरात संडास एकच, आणि सगळ्यांदेखत भिंतीशी पाय ताणत उभं राहणं म्हणजे अर्डिसच्या हाती आयतं कोलीत देणं. त्यापेक्षा शेजारणीचा उपाय सोपा वाटला, मोज्यात साबणाची वडी. साबण जवळ असला की गोळा येत नाही, असं आमचं अर्धं गाव मानतं. का, ते कुणालाच ठाऊक नाही.

नाच सांगतो वेन्डल, वय त्र्याऐंशी. तो मंचावर माईक धरून उभा राहतो, गाण्याच्या तालावर हुकूम सोडतो आणि आम्ही ते पाळतो. तीस वर्षं त्याची एकच शिकवण: "आधी पाय हलवा, विचार घरी जाऊन करा."

त्या बुधवारी तिसऱ्या गाण्यापर्यंत साबणाला घाम लागला. बुटातून फेस येऊ लागला, पाऊल टाकलं की पचपच आवाज, आणि साबणाला न जुमानता पोटरी आवळत चालली. मी दातावर दात दाबून हसरा चेहरा ठेवला. मार्डेल खुर्चीवरून अर्धी उठलीसुद्धा. एवढ्यात माईकमधून वेन्डल ओरडला, "भिंत! भिंत गाठ!"

असा हुकूम आम्ही जन्मात ऐकला नव्हता. पण विचार घरी जाऊन करायचा. आठही जण जोडीजोडीनं भिंतीकडे धावलो.

"हात टेक! एक पाय मागे! टाच खाली, टाच, टाच!"

आम्ही हात टेकले, पाय मागे नेले, टाचा दाबल्या.

"गुडघा ताठ! अगं आई गं!"

"अगं आई गं," आम्ही तालात म्हटलं. ध्रुवपद असेल, असं वाटलं.

गोळा वेन्डललाच आला होता आणि तो स्वतःला बजावत होता. हे एकट्या मार्डेलला कळलं, कारण तिला अजून आमची शिस्त लागली नव्हती. तो मंचावर आडवा झालेला. ती धावत गेली, त्याचा बूट ओढून काढला आणि चवडा वर रेटून धरला. आम्ही भिंतीकडे तोंड करून, पाय बदलायचा हुकूम कधी येतो याची वाट बघत तसेच उभे.

आणि माझी पोटरी सुटली. इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. शेजारी ऑरिननं हुश्श केलं. तो भिंतीला जरा जास्तच चिकटला होता. त्याच्या शर्टाच्या खिशातून काहीतरी पिवळं ओघळत होतं, ते तो हातानं निपटत होता. मोहरीच्या सॉसच्या पुड्या, बर्गरच्या दुकानातून उचललेल्या. गोळा आला की एक तोंडात पिळायची, हे म्हणे उन्हाळ्यापासून चाललं होतं. मग पलीकडच्या जोडीनं कबुली दिली, त्यांच्यामागून बाकीच्यांनी. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, इथं एकेक करून सगळ्या उघडल्या. शेवटी भिंतीकडे बघतच अर्डिस म्हणाली, "माझ्या दोन्ही मोज्यांत साबण आहे."

कुणी हसलं नाही. हसायचा हुकूम नव्हता.

"मी तुम्हाला भिंतीकडे जा म्हटलंच नव्हतं," वेन्डल कण्हत म्हणाला.

"म्हटलंस," अर्डिस म्हणाली. "आणि अजून परत या म्हणाला नाहीस. दुसरा पाय सांग."

त्यानं सांगितला. मग मार्डेलनं त्याला उठवून खुर्चीत बसवलं. अर्डिसनं माझ्याकडे न बघता जाहीर केलं, की गोळा येणाऱ्यांनी बसायचं म्हटलं तर उभी राहील एकटी मार्डेल, आणि एका बाईचा चौकोन होत नाही. तेव्हा कुणी बसायचं नाही. मार्डेल आळीपाळीनं सगळ्यांच्या जागी नाचेल. यापुढे पहिला हुकूम भिंतीचा, आणि पाणी प्रत्येकानं प्यायचं, संडासाला रांग लागली तर लागली.

वेन्डलनं माईक तोंडाशी नेला. "जोडीदाराचा हात धरा."

ऑरिननं हात पुढे केला. तो मोहरीनं चिकट झाला होता. ते बघून तो ओशाळला आणि हात पँटला पुसायला निघाला. मी पुसू दिला नाही.