मयूराचे बूट

मयूराचे नवे ट्रेकिंगचे बूट कौमुदी मार्चपासून दर शनिवारी स्वतःच्या पायात घालत होती. ऐकणाऱ्याला वाटेल, या बाईकडे स्वतःचे बूट नव्हते की काय! होते की. जुने, मऊ, पायाच्या प्रत्येक हाडाशी ओळख असलेले. ते तिने घरी ठेवले आणि मैत्रिणीचे कोरे, करकरणारे बूट घालून अॅडलेडचा माऊंट लॉफ्टी चढायचा सपाटा लावला. टाचेला फोड आले, फुटले, पुन्हा आले. त्यावर पट्ट्या चिकटवून ती पुढच्या शनिवारी परत हजर.

कारण साधं होतं. सप्टेंबरमध्ये दोघींना पेरूला जायचं होतं, इंका ट्रेलला. कोरे बूट घालून त्या वाटेला लागलं तर पहिल्याच मुक्कामात पाय सोलून निघतात. बूट आधी रुळवावे लागतात, आणि मयूराच्या गुडघ्याला फिजिओने ऑगस्टपर्यंत चढ-उतार बंद सांगितला होता. पायाचं माप दोघींचं एकच.

"कौमू, तू घालतेस का गं माझे?" मयूरा म्हणाली होती. "तुझे तर रुळलेलेच आहेत. माझ्यासाठी एवढं कर ना, प्लीज."

कौमुदीने केलं. मयूरासाठी बुटांचं काही करायला तिने नाही म्हणणं शक्यच नव्हतं, त्याला कारण होतं. दोघी पुण्याहून शिकायला आल्या तेव्हा अॅडलेडच्याच मॉसन लेक्स भागात एका खोलीत राहायच्या आणि एकाच रेस्टॉरंटच्या किचनमध्ये उलटसुलट शिफ्ट करायच्या. तिथे न घसरणारे काळे बूट लागायचे. दोघींनी मिळून एकच जोड घेतला. एक शिफ्ट संपवून यायची, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायची, नाड्या सैल करून ठेवायची. दुसरी युनीतून धावत आली की पाय नुसता आत सरकवून पळायची. नाड्या सैल करून बूट द्यायचे, हा त्यांच्यातला नियमच होऊन बसला. त्यावरून कधी भांडण झालं नाही. बाकी सगळ्यावरून झालं.

त्याच खोलीत ठरलं होतं, पीआर मिळाली, इथे कायमचं राहायची परवानगी हातात पडली, की इंका ट्रेल. दोघींनी पुण्यात असताना गडकिल्ले पालथे घातले होते, पण हे काहीतरी वेगळंच होतं. पीआर मिळाली. मग मयूराचं हृषिकेशशी लग्न झालं, कौमुदी थांबली. मग रुचा झाली, कौमुदी थांबली. मग घर घेणं झालं, गुडघ्याचं झालं. कौमुदी एकटी जाऊ शकली असती, लोक जातात. पण बेत दोघींचा होता आणि ही बाई त्या बाबतीत अंमळ वेडीच. तो ट्रेक तिला पाठ होता. दुसऱ्या दिवशीची ती छाती फोडणारी खिंड, जिला म्हणे 'मेलेल्या बाईची खिंड' म्हणतात. इंकांनी बसवलेल्या दगडी पायऱ्या, ढगातले पडके वाडे, आणि शेवटच्या दिवशी पहाटे सूर्यदरवाजात उभं राहिलं की खाली दिसणारं माचू पिचू. त्या दरवाजात मयूराचा हात धरून उभं राहायचं, एवढंच तिला हवं होतं.

तिथले नियमही तिला पाठ होते. गाईडशिवाय जाता येत नाही. परवाना नावाने निघतो, पासपोर्टच्या नंबरासकट. बुकिंगला ज्याचं नाव दिलं तोच चालणार; मागाहून नाव बदलून मिळत नाही. म्हणून मयूराने "बुकिंग सगळं मी बघते, तू फक्त पासपोर्टचा फोटो पाठव" म्हटल्यावर तिने जानेवारीत त्याच मिनिटाला पाठवला, आणि महिनाअखेर मयूराने बुकिंग झाल्याचं कळवलं. धाकट्या भावाच्या, विक्रांतच्या लग्नाला ती पुण्याला जेमतेम गेली आणि नव्या जोडप्याची सत्यनारायणाची पूजा व्हायच्या आतच परतली. सप्टेंबरसाठी रजा उरायला हवी होती. आई अजून त्यावरून धुसफुसते.

जुलैत मयूराचा फोन आला. रडवेला आवाज. "आपली परमिट्स निघालीच नाहीत यार. ट्रेकवाल्यांनी काहीतरी घोळ घातला. पुढच्या वर्षी जाऊ, प्रॉमिस."

कौमुदीनेच तिची समजूत काढली. ती कामाला होती त्या लॅबमध्ये सांगून रजा रद्द केली, घरी येऊन एकटीने थोडं रडून घेतलं आणि शनिवारी पुन्हा ते बूट घालून डोंगर चढली. पुढच्या वर्षी तर पुढच्या वर्षी. बूट कुठे पळून जातायत?

सप्टेंबर लागला तशी मयूरा म्हणाली, "माझे बूट आणून टाकशील का या वीकेंडला? घर आवरतेय. नो वरीज, पण रविवारच्या आत बघ." कौमुदीला त्यात काही वावगं वाटलं नाही. शनिवारी डोंगर उतरल्यावर पायथ्याला, वॉटरफॉल गलीच्या तोंडाशी बूट घासायला ब्रश लावलेत, तिथे तिने बुटांच्या तळाची माती काढली. घरी जाऊन मेण चोळलं. बूट असे झाले होते की पायात घातलेले कळूही नयेत. तिला स्वतःच्या कामगिरीचं कौतुक वाटलं, आणि का वाटू नये?

संध्याकाळी ती बूट घेऊन गेली तेव्हा मयूराच्या घराचं दार उघडलं तिच्या सासूबाईंनी, नीलिमाकाकूंनी. त्या नाशिकहून आल्यात हे कौमुदीला माहीतच नव्हतं.

"आलीस का! बरं झालं बाई, मयूरा सकाळपासून त्या बुटांचाच घोशा लावून बसलीय," काकू म्हणाल्या. "ती केमिस्टकडे गेलीय, येईलच. उंचावर श्वास लागतो ना, त्याच्या गोळ्या आणायला."

"कसल्या उंचावर, काकू?"

"अगं पेरूला! सोमवारचं विमान नाही का त्यांचं? मी आले कशाला मग? दोघं चार दिवस डोंगरात असणार, रुचाला कोण बघणार? म्हटलं, लग्नाला दहा वर्षं झाली, जा बाबांनो. आणि तुझं किती कौतुक करत होता हृषिकेश. म्हणाला, आई, मयूराचे बूट कौमुदीने तयार करून दिले, म्हणून आपलं निभावलं."

कौमुदी दाराजवळच्या बाकड्यावर बसली. म्हणजे हृषिकेशलाही माहीत होतं. तिचे फोड, तिच्या पट्ट्या, सगळं.

परवाना नावाने निघतो. हा नियम तिने स्वतः मयूराला समजावून सांगितला होता. हृषिकेश सोमवारी निघतोय, याचा अर्थ बुकिंगच्या दिवशीच तिथे हृषिकेशचं नाव गेलं होतं. ती जुलैची रडारड नाटक होती, हे तर झालंच. पण मार्चमध्ये मयूराने बुटांचं खोकं तिच्या हातात दिलं, तेव्हाच ही जागा गेलेली होती. जागा नाही हे ठाऊक असताना तिने पाय मागितले होते. कौमुदीला राग आला, पण रागाच्या आधी लाज वाटली. केसाने गळा कापला म्हणतात तो असा. कापून घेणारी वर मान पुढे करून बसलेली.

गेट वाजलं. मयूरा औषधांची पिशवी घेऊन आत आली, बाकड्यावरच्या कौमुदीला बघितलं, मग सासूबाईंना, आणि तिला सगळं कळलं. काकू चहा टाकायला आत गेल्या.

"मी सांगणारच होते तुला," मयूरा हळूच म्हणाली.

"कधी? त्या खिंडीतून?"

"हृषिकेशला फक्त दोघांनी जायचं होतं. तो म्हणतो, आपल्या प्रत्येक गोष्टीत कौमुदी असतेच. काय सांगू मी तुला? यू वर सो एक्सायटेड."

"माझ्या पासपोर्टचा फोटो?"

मयूराने औषधांची पिशवी बाकड्याच्या कडेला ठेवली.

"पाठवलाच नाहीस ना कधी?"

"नाही."

"मग हे बूट मला कशाला घालायला लावलेस गं?"

"मी कुठे लावले? विचारलं होतं. तूच हो म्हणालीस."

मयूराने डोळे पुसले आणि जराशी पुढे आली. "तू चिडणार, आय गेट इट. पण बूट नेऊ नकोस हं, प्लीज. आता नवे घेतले तर माझी पुरती वाट लागेल."

कौमुदीने बूट मांडीवर घेतले. ते पिशवीत घालून चालू लागावं, वाटेत तळ्यात फेकून द्यावेत, असं तिच्या मनात आलं. पण तिची बोटं केव्हाच नाड्यांशी गेली होती. वरची गाठ सुटली, एक घर सैल झालं, मग दुसरं. इतक्या वर्षांची सवय. तिला कळायच्या आत डावा बूट पाय सरकवण्याइतका मोकळा झाला.

मयूरा ते बघत होती. तिचा चेहरा एकदम निवळला. ओठांवर हसूसुद्धा आलं, ते जुनं, मॉसन लेक्सच्या खोलीतलं. तिला वाटलं, झालं, मिटलं.

ते हसू कौमुदीला दिसलं आणि तिचे हात थांबले. तिने नाडी पुन्हा ओढली, तळापासून वरपर्यंत, प्रत्येक घर करकचून. वर गाठ मारली. त्या गाठीवर गाठ. तिच्यावर आणखी एक. मग उजवा बूट घेतला आणि त्याचंही तसंच केलं, अगदी सावकाश. दोन्ही बूट मयूराच्या पुढ्यात ठेवले आणि आपल्या चपला पायात सरकवल्या.

"अगं, चहा?" आतून काकूंची हाक आली.

"नको काकू. बूट पोचवायलाच आले होते."

दार ओढून घेताना तिला मागे नखांचा आवाज ऐकू आला. मयूरा खाली बसून गाठी सोडवायला लागली होती. 'सॉरी' काही तेव्हाही ऐकू आलं नाही.