सलामी संपेपर्यंत

दोष कर्नल हंकिन्सचा. नाव आधीच सांगून टाकतो, नाहीतर चौकशी समितीसारखं व्हायचं: वाऱ्याचं सांगायचं, लाटांचं सांगायचं, आणि माणसाचं नाव तेवढं विसरायचं.

मी त्याच्या फौजेच्या बँडमधला मोठा ढोल बोलतोय. वयाने लहान आहे. माझ्या खोलीतली जुनी पितळी वाद्यं म्हणतात, थोरामोठ्यांबद्दल असं बोलू नये. ती जन्मभर दुसऱ्याच्या फुंकरीवर बोलली. त्यांचं काय ऐकायचं?

आमच्या बेटाची फौज म्हणजे पायदळाची एक तुकडी. किनारा राखायला दोन बोटी. त्यातल्या एकीचं पोट रिकामं, कारण तिचे भाग काढून काढून दुसरी चालवतात. एक बँड. आणि एक मुख्यालय, तिथे मात्र खुर्च्यांना तोटा नाही. माणसं मोजकी, म्हणून प्रत्येकाकडे दोन कामं. त्यात वाईट काही नाही. आमच्याकडे टपाल वाटणारी बाईच चर्चमध्ये ऑर्गन वाजवते, आणि दोन्ही कामं बरी करते.

पण स्वातंत्र्यदिनाला हंकिन्सला फौज मोठी दिसायला हवी असते. मग पोरं हिरव्या टोप्या घालून मंचासमोरून जातात, साखरेच्या जुन्या गोदामामागे वळतात, तिथे टोप्या बदलतात आणि पांढऱ्या टोप्यांत तटरक्षक दल म्हणून परत येतात. अख्ख्या गावाला ठाऊक आहे. शेंगदाणे विकणारी म्हातारी दरवर्षी शेजारणीला दाखवते, "तो बघ, ग्लॅडिसचा पोरगा परत आला. घाईत टोपी उलटी घातलीय मेल्याने." लोक हसतात. मलाही हसू यायचं.

जर्विन लिबर्ड हा चालत्या बोटीचा इंजिनवाला. ते इंजिन हट्टी. अख्ख्या फौजेत त्याच्याशिवाय कुणाच्या हाताला दाद द्यायचं नाही. आणखी एकाला शिकवून ठेवू, असं तो कितीदा म्हणाला. हंकिन्स म्हणायचा, तू कुठे पळून चाललायस?

जर्विनचं दुसरं काम म्हणजे मी. मला छातीवर चढवून पट्टे आवळले की त्याला स्वतःचे बूट दिसायचे नाहीत. सरावाच्या वेळी त्याचा धाकटा भाऊ टेव्हन यायचा. तो मासेमारी करायचा. खारट बोटांनी माझ्या कातड्याच्या पानावर टकटक करायचा आणि विचारायचा, "दादा, तू फौजेत आहेस की कार्निव्हलात?" जर्विन माझं टिपरू त्याच्या पाठीत हाणायचा. आईबाप गेल्यापासून दोघंच होते एकमेकांना.

त्या वर्षी पाहुणा आला होता तो ज्या मोठ्या देशाने आम्हाला बोट दिली, त्या देशाचा. त्याचे आभार मानायला सगळा थाट. बोट धक्क्याला बांधलेली, पताकांनी नटवलेली. तिची सगळी माणसं मैदानात, टोप्या बदलत. वारा सकाळपासून चढत होता आणि जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता.

हिरव्या टोप्या गोदामामागे गेल्या तेव्हा कॉर्पोरल ओरिएल मेनर्ड धावत आली. वायरलेसवर ती एकटीच होती. सगळ्यांचे फोन परेडआधी काढून घेतलेले, म्हणून निरोप पायांनी आणावा लागला. हंकिन्स मंचाच्या खालच्या पायरीवर उभा होता, माझ्यापासून दोन पावलांवर.

"सर, टेव्हन लिबर्डची होडी. इंजिन बंद पडलंय, भूशिराच्या पलीकडे वाहत चाललीय, पाणी भरतंय. जर्विनला सोडा."

"आत्ता?"

"आत्ता, सर."

हंकिन्सने तोंडावरचं हसू ढळू दिलं नाही. पाहुणा बघत होता. "ढोल थांबला तर रांगेचं पाऊल चुकेल. पांढऱ्या टोप्या यायच्यात अजून. सलामी संपेपर्यंत थांब. आणि त्याला काही सांगू नकोस, हात थरथरेल त्याचा."

दोन पावलांवर भावाचं नाव घेतलं गेलं आणि माझ्या धडधडाटात जर्विनला ते ऐकू गेलं नाही. मला गेलं. पण मला तोंडं दोन असली तरी कुणी मारल्याशिवाय एकातूनही आवाज निघत नाही. जर्विनने ओरिएलकडे बघून भुवयांनी विचारलं, काय झालं? तिने मान खाली घातली.

पांढऱ्या टोप्या आल्या, गेल्या. पाहुण्याने टाळ्या वाजवल्या. तसा हंकिन्स फुगला आणि त्याने हाताने खूण केली: अजून एक फेरी.

ती झाली. मग दोन्ही देशांची राष्ट्रगीतं. मग ओरिएलने तोंड उघडलं. जर्विनने पट्टे ओरबाडून काढले, मला गवतात टाकलं आणि तो धावत सुटला. त्याच्यामागे पांढऱ्या टोप्या. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. पताका काढायला कुणी थांबलं नाही.

पुढचं मी बँडच्या खोलीत ऐकलं. होडी उलटी सापडली. टेव्हनचा जोडीदार तिला कवटाळून होता, टेव्हन नव्हता. जोडीदार सांगत होता, वाऱ्यावर त्यांना ढोल ऐकू येत होता. टेव्हन त्याला धीर देत होता, "दादाच वाजवतोय. ढोल थांबला की निघेल तो." मग तिसरी फेरी सुरू झाली.

चौकशीत हवामान दोषी ठरलं. हंकिन्सला पाहुण्याने मानचिन्ह पाठवलं, ते मुख्यालयात भिंतीवर आहे.

जर्विन एका सकाळी आला. मासे कापायच्या सुरीने त्याने माझी दोन्ही पानं फाडली, स्वतःच्या हिरव्या-पांढऱ्या दोन्ही टोप्या माझ्या पोटात टाकल्या आणि निघून गेला. सरकारी मालाची नासधूस म्हणून त्याला बडतर्फ केलं. पितळी वाद्यं म्हणाली, पोराला वळण नाही. मी म्हणतो, त्या फौजेत सरळ वागलेला तो एकच. मला जराही दुखलं नाही.

आता माझ्यासाठी नवी पानं आलीत. स्वातंत्र्यदिन जवळ आलाय. बोटीला नवा इंजिनवाला मिळालाय, आणि मला त्याच्याच छातीवर मापून पाहिलंय.

माझी विनवणी हंकिन्सला नाही, त्याला विनवून काय होणार. ती तुम्हाला आहे, मैदानाच्या कडेला शेंगदाणे खात उभ्या राहणाऱ्यांना. टोप्यांना हसून झालं की एकदा धक्क्याकडे बघा. बोटीपाशी कुणी नसेल तर मैदानात शिरा, मला खाली पाडा, परेड मोडा. तुमचीही माणसं समुद्रावर जातात.

त्या दिवशी रांगेचं एकही पाऊल चुकलं नाही. जर्विनला एकच भाऊ होता, तो गेला. त्याचं प्रेतही मिळालं नाही.