तिसऱ्या माळ्याची टोपली

दीड बोट. अडीच वर्षांच्या कामाला तुम्ही दीड बोट जागा दिलीत, आणि वर सांगितलंत की त्यातच खेळाचं नावही वाचता आलं पाहिजे. जगभरचे कॉम्प्युटर गेम विकणारं दुकान तुमचं. तिथे प्रत्येक खेळाचं एक, अशा हजारो चित्रांची रांग लावता. येणारा माणूस एका चित्रापाशी दीड सेकंदही थांबत नाही हे तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. तरी नियमांच्या पानावर लिहिता, 'चित्र प्रभावी असावं'. प्रभावी म्हणजे काय, ते लिहायला मात्र तुमचा हात आखडतो. तुमच्यापैकी एकाने तरी आपलं घर कधी दीड बोटात बसवून बघितलंय?

लालबागच्या अनुजाला कमी जागेचं नवल नव्हतं. दहा बाय बाराच्या खोलीत नऊ माणसं, त्यातली ती सगळ्यात धाकटी. पुढे चाळ पडली, तिथे टॉवर उभा राहिला, आणि बाविसाव्या मजल्यावर बापलेकीला तीनशे फुटांची जागा मिळाली. त्या जागेत बसून तिने पडलेली चाळ कॉम्प्युटरवर पुन्हा उभी केली. खेळात मारामारी नाही, पॉइंट नाहीत. खेळणारा रिकाम्या चाळीत शिरतो, जिने चढतो, दारं ढकलतो, आणि इथे कोण कोण राहत होतं ते त्याला हळूहळू कळत जातं. नाव 'तिसरा माळा'. चित्रं अनुजाची, प्रोग्रामिंग गिरगावच्या फेलिक्सचं.

दुकानाचा नव्या खेळांचा आठवडा सोमवारी सुरू होणार होता. त्या आठवड्यात दिसलं तर दिसलं, मग खेळ कायमचा तळाला. चित्र द्यायची मुदत शुक्रवार, संध्याकाळी पाच. आणि शुक्रवार उजाडला होता.

"रिपोर्ट आला," फेलिक्स चप्पल काढता काढताच म्हणाला. "पंधरा दिवसांत 'लवकरच येतंय'च्या रांगेत दुकानाने आपलं चित्र हजार जणांना दाखवलं. चार लोकांनी बोट लावलं."

"चार?"

"त्यातला एक मी."

अनुजाने त्याला उशी फेकून मारली. फेलिक्सने ती झेलली आणि डोक्याखाली घेऊन जमिनीवर आडवा झाला.

"तुला पहिल्यापासून सांगतोय मॅन, हे चित्र नाय. हा जनगणनेचा फॉर्म आहे."

तो म्हणत होता ते खोटं नव्हतं. चित्रात चाळीची चव्वेचाळीस दारं होती. जुने शेजारी विखुरले होते, पण व्हॉट्सअॅपवर चाळीचा ग्रुप जिवंत होता. कुणी दाराचा रंग कळवला, कुणी नावाची पाटी, कुणी उंबऱ्यावरचा फुटका टवका. अनुजाने सगळं चित्रात घातलं. घालणारच. ज्या चाळीत वर्गणीच्या फळ्यावर एक नाव राहिलं म्हणून दोन बिऱ्हाडं सात वर्षं एकमेकांशी बोलली नाहीत, तिथली मुलगी कुणाचं दार गाळणार? मोठ्या स्क्रीनवर ते चित्र बघून माणसं रडली होती. दुकानाच्या मापात आल्यावर त्याचं पोतेरं झालं.

फेलिक्सने ते दीड बोटाचं चित्र छापून फ्रिजवर चिकटवलं आणि लवूकाकांना, म्हणजे अनुजाच्या वडिलांना, दारात उभं केलं. लवूकाका अडुसष्ट वर्षांचे. मिल बंद पडेपर्यंत फोल्डिंग खात्यात होते.

"काय दिसतंय काका? खरं सांगा. मुलगी आहे म्हणून सोडू नका."

लवूकाकांनी डोळे बारीक केले. "किसणीक कोथिंबीर चिकाटली हा."

"बाबा!"

"तूच इचारलंस ना गो? मगे?" ते आत येऊन खाटेवर बसले. लेकीचा उतरलेला चेहरा त्यांना दिसला, तसा आवाज खाली आला. "हयसर ये. बस. आमच्या खात्यात कापडाच्या ताग्यावर लेबल लावायचे. तेच्यावर एक मोर. एकच. खेड्यातल्या गिऱ्हाईकाक वाचूक येय नाय. तो दुकानात जाऊन सांगायचा, मोराचा कापड दी. मगे एक नवो मॅनेजर इलो. हुशार माणूस. तेणी मोराच्या बाजूक तळा काढला, वाडो काढलो, राणी काढली. झकास चित्र."

"मग?"

"मगे काय? गिऱ्हाईक दुकानात जाऊन काय सांगतलो? पाच म्हयन्यांत जुना लेबल परत आणला." त्यांनी तिच्या डोक्यावर टपली मारली. "माणसान मागूक व्हया, तर तेका एका शब्दात मागता येवक् व्हया. डोळे मिट. चाळ म्हटल्यार पयला काय दिसता तुका? दारा?"

अनुजाने डोळे मिटले. अडीच वर्षं ती दारंच रंगवत होती. पण डोळ्यांपुढे दार आलं नाही.

"टोपली," ती म्हणाली.

तिसऱ्या माळ्याच्या टोकाला रखमामावशी राहायची. गुडघ्यांनी दगा दिलेला, जिना उतरवायचा नाही. ती कठड्यावरून दोरीने टोपली खाली सोडायची. भाजीवाला त्यात भाजी घालायचा, पोरं किल्ल्या घालायची. अनुजाची आई दोन महिने हॉस्पिटलात होती, तेव्हा रोज दुपारी ती टोपली पहिल्या माळ्यावर, बरोब्बर अनुजाच्या कठड्यापाशी येऊन थांबायची. आत फडक्यात गुंडाळलेली भाकरी. वरून हाक यायची, "धर गं!"

अनुजा उठली आणि कॉम्प्युटरपुढे बसली. दारं एकेक करून पुसली. प्रत्येक दार पुसताना तिच्या तोंडून त्या घराचं आडनाव निघत होतं, जणू माफी मागत होती. चाळीची भिंत अंधारी निळी केली. वर 'तिसरा माळा' ही अक्षरं जाड घेतली, त्यांची शिरोरेषा लांबवून तिचाच कठडा केला. त्या रेषेवरून सुतळीची एक दोरी खाली सोडली आणि टोकाला टोपली, दिव्याच्या उजेडासारखी पिवळी. बाकी काही नाही.

फेलिक्सने ते छापून फ्रिजवर लावलं आणि मागे सरकत सरकत दारापर्यंत गेला. मग पॅसेजमध्ये. तिथून त्याचा आवाज आला, "ए, वर कोण आहे?"

"कुठे वर?"

"चित्रात गं! टोपली कोण सोडतंय? मला वर जाऊन बघायचंय." तो धावत आत आला. "बस! हेच! साडेतीन वाजले, चढव वर."

अनुजाने माउसवरचा हात काढून घेतला.

"आता काय झालं?"

"रखमामावशी नाही म्हणाली होती."

खोली मावशीच्या दिराच्या नावावर होती. चाळ पडली तेव्हा टॉवरमधली जागा दिराला मिळाली आणि पस्तीस वर्षं तिथे चूल पेटवलेली मावशी लेकीकडे, अँटॉप हिलच्या सरकारी क्वार्टर्समध्ये गेली. गेल्या वर्षी अनुजा तिच्याकडे दाराचा रंग विचारायला गेली होती. मावशीने चहा पाजला आणि सरळ सांगितलं, "खऱ्या चाळीची खोली मला दिली न्हाई. आता खोट्या चाळीत दार देता व्हय? माझं काय बी घालू नकोस त्यात." म्हणून खेळात त्या टोकाला नुसती भिंत होती. पंचेचाळिसावं दार नव्हतंच.

"अपलोड कर, मग सॉरी बोल," फेलिक्स म्हणाला. "पाचला दरवाजा बंद होतो, अनुजा. नंतर कोण विचारत नाय आपल्याला."

"सगळ्यांनी तिला न विचारता काढून टाकलं. मी न विचारता घालू?"

फेलिक्स परत जमिनीवर बसला.

"आणि ती नाही म्हणाली तर किसणी जाईल वर. चार तर चार."

"तीन," फेलिक्स पुटपुटला. "मी लावणार नाय बोट."

लवूकाकांनी खिशातून फोन काढून लेकीपुढे धरला. "लक्ष्मीक लाव. रडत बसा नको."

लक्ष्मी म्हणजे रखमामावशीची लेक. अनुजाने तिला चित्र पाठवलं, दुकानात दिसणार तेवढंच, आणि फोन लावला. लक्ष्मी म्हणाली, आई बसलीय इथेच, दाखवते. मग पलीकडे कुकरची एक शिट्टी झाली. फेलिक्स घड्याळाकडे बघायचं नाही म्हणून छताकडे बघत होता. चार वाजून दहा मिनिटं.

"लवूची पोर का गं?" मावशीचा आवाज आला.

"हो मावशी. तू रागावशील म्हणून आधी..."

"ही माझी टोपली हाय."

"हो."

"दोरी चुकली. सुतळी न्हवती. नायलॉनची व्हती, हिरवी. सुतळी कुजती."

"हिरवी करते." अनुजाने फोन कानाला दाबून दुसऱ्या हाताने रंग बदललासुद्धा.

"आन् दोरी धरलीया कुनी? वर तर कुनीच न्हाई. भूत सोडतंय व्हय टोपली?"

फेलिक्सने तोंडावर हात दाबला.

"तू म्हणाली होतीस, तुला घालायचं नाही. म्हणून कठड्यापर्यंतच..."

"तोंड नको घालू." पलीकडे ती नाक ओढतेय हे कळत होतं, आणि ते कळू नये म्हणून ती आवाज चढवतेय हेही. "हात घाल. नुसता हात. चार काचेच्या बांगड्या, हिरव्याच. धरल्याबिगर दोरी राहती का?"

लवूकाकांनी तोंड फिरवलं आणि खिडकीबाहेर बघू लागले. अनुजाला स्क्रीन धूसर दिसत होता. तिने बाहीने डोळे पुसले आणि कठड्यावर मनगट काढायला घेतलं.

"काढते मावशी. आत्ता काढते. अजून काही?"

"हाय की. एवढं बारीक काढलंयस, मला आतलं काय दिसंना. तुमच्या माळ्याला मी ती कधी रिकामी सोडली न्हाई. टोपलीत काय ठिवलंयस, ते सांग आधी."