आधी खिडकी, मग गुडघे

"'आपण व आपले कुटुंबीय कुशल असाल, अशी आशा करते.' वहिनी, हा ऑफिसचा मेल आहे की लग्नपत्रिका?"

नणंद हसून हसून खुर्चीतून घसरायच्या बेतात होती. बाईंनी फोन तिच्या हातून ओढून घेतला. "वन्सं, मोठ्या माणसाला लिहायचं म्हणजे काही रीतभात नको?"

बाई रुग्णालयाच्या लाँड्रीत सुपरवायझर. मागच्या रंगकामात इस्त्रीखोलीची एकुलती एक खिडकी चौकटीला चिकटून बसली होती आणि आत नुसती भट्टी व्हायची. खिडकी उघडून मिळावी म्हणून बाईंनी देखभालीच्या साहेबांना चार मेल केले. प्रत्येकात आधी साहेबांची खुशाली, मग त्यांच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी, मग अमूल्य वेळ घेतल्याबद्दल क्षमस्व, आणि पार तळाशी, दाराआडून बोलावं तशी, खिडकी. साहेबांचं उत्तर दर वेळी त्याच दिवशी यायचं: 'आईचे गुडघे बरे आहेत. आभार.' खिडकी आपली जागच्या जागी.

इतके दिवस बाईंनी हे हसण्यावारी नेलं. पण आज दुपारी इस्त्रीवरची त्यांची जुनी सोबतीण चक्कर येऊन चादरींच्या गाड्यावर कोसळली. तिच्या तोंडावर पाणी मारताना बाईंचा जीव तीळतीळ तुटला. आपल्याला एक खिडकी धड मागता येऊ नये, हे मनाला लागून राहिलं.

नणंद अँब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये फोन घ्यायची. तिने हसू आवरलं. "आमच्याकडे घाबरलेला माणूस पाल्हाळ लावतो. मी म्हणते, आधी पत्ता सांगा. मग काय झालं, मग काय हवंय. रडायचं ते गाडी निघाल्यावर."

"म्हणजे साहेबांवर हुकूम सोडू?"

"हुकूम कुठला? पत्ता द्या नुसता!"

बाईंनी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. एरवी 'नम्र विनंती' असायची त्या विषयाच्या जागी आता होतं: 'इस्त्रीखोलीची खिडकी उघडत नाही.' खाली दोनच ओळी: 'आज उकाड्याने एक कर्मचारी चक्कर येऊन पडली. कृपया उद्या सकाळी सुतार पाठवा.' त्यातलं 'कृपया' त्यांनी नणंदेशी भांडून ठेवलं.

मेल गेला आणि बाईंचं धाबं दणाणलं. "नोकरी गेली तर तुमच्याच दारात येऊन बसेन हं."

"या की. चहा तेवढा तुम्ही करा."

सकाळी लाँड्रीच्या दारात सुतार उभा, आणि त्याच्यामागे खुद्द साहेब.

"बाई, आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं, साहेब. चारदा. गुडघ्यांच्या खाली."

साहेबांनी उभ्या उभ्या फोन काढून जुने मेल तळापर्यंत वाचले. त्यांचे कान लाल झाले. "चुकलंच माझं," ते म्हणाले.

सुताराने पटाशीने रंग कापला, चौकटीवर चार ठोके दिले आणि खिडकी कुरकुरत उघडली. वारा असा घुसला की घड्या घातलेले अभ्रे खोलीभर उडाले. बायकांनी एकच गिल्ला केला. सुट्टी घे म्हटलं तरी आलेली सोबतीण खिडकीत जाऊन उभी राहिली, ती हलेचना.

"अगं, आम्हालाही थोडा वारा ठेव!" असं ओरडत बाई स्वतःच अभ्र्यांमागे धावल्या. कितीतरी दिवसांनी त्या इतक्या मोठ्याने हसल्या.

दुपारी साहेबांचा मेल आला. 'खिडकीचे काम झाले. पंखाही बसवून देतो.' मग बरीच जागा सोडून, पार तळाशी: 'कालच्या मेलमध्ये आईची चौकशी नव्हती. तिचे गुडघे पुन्हा दुखू लागले आहेत. तुमच्याशिवाय कोणी विचारत नाही.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. ओले हात पुसून त्या उत्तर लिहायला बसल्या. विषयाच्या जागी, वन्संनी शिकवलं तसा, आधी पत्ता घातला: 'आईंचे गुडघे'. खाली मात्र त्यांनी खिडकीजवळ खुर्ची ओढून ऐसपैस लिहायला घेतलं.